डाव्या बाजूची कोंबडी

मराठी पानात कोणी कुठे बसायचं हे पक्कं ठरलेलं असतं. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटीची वाटी. खाली भाताची मूद, मुदीवर वरण, वरणावर तूप. लग्नाच्या पंगतीत एखाद्या हौशी वाढप्यानं कोशिंबीर उजवीकडे वाढली, तर चार पानं पलीकडे बसलेले काका घास हातात तसाच धरून त्याला हाक मारतात. डावीकडच्या मंडळींनी कुणाचं पोट भरावं अशी अपेक्षाच नसते. चमचाभर असावं, आंबट किंवा तिखट असावं आणि वरणभाताच्या गुंगीतून जेवणाऱ्याला अधूनमधून जागं करावं, एवढीच त्यांची नेमणूक. कोशिंबीर दुसऱ्यांदा मागितली तर वाढपी वाढतो, पण 'घरी करत नाहीत वाटतं' असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतं.

या शिस्तीत हयात गेलेल्या बाईला सुनेनं विचारलं, "आई, चिकन सॅलडबरोबर साइडला काय काय ठेवू या?"

आता जो पदार्थ स्वतःच बाजूला बसायचा, त्याच्या बाजूला कोणाला बसवणार?

हे घडलं नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात. निमित्त नातीच्या ग्रॅज्युएशनचं. अमेरिकेत बारावी झाली तरी पदवीदानाचा झगा आणि टोपी घालतात, टोप्या हवेत उडवतात आणि मग जून महिन्यात दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या मागच्या अंगणात मांडव पडतो. मुलानं मांस भाजायची शेगडी काढायचं ठरवलं होतं, पण सुनेनं ते हाणून पाडलं. मागच्या खेपेला शेगडीपाशी उभा राहून तो पाहुण्यांशी एक शब्द बोलला नव्हता. चिकन सॅलड आदल्या रात्री करून ठेवता येतं, गारच खायचं असतं, सुरी-काटा लागत नाही. सून पुण्याची आहे, सोय या गोष्टीवर तिची निष्ठा आहे.

चिकन सॅलड म्हणजे काय हे आमच्या ह्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. कोंबडी उकडायची, गार करायची, हाडं काढून तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, त्यात सेलरीचे दांडे चिरून घालायचे, अर्धी केलेली द्राक्षं घालायची, पेकन नावाचे अक्रोडाच्या कुळातले दाणे घालायचे आणि हे सगळं मेयोनीजमध्ये कालवायचं. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि रस्सा?"

"रस्सा नसतो, बाबा," सून म्हणाली.

"मग उकडलेलं पाणी काय करतीस?"

"ओतून टाकते."

घरात शांतता पसरली. कोल्हापूरच्या माणसासमोर हे वाक्य उच्चारायचं नसतं. आमच्याकडे त्या पाण्याला अळणी म्हणतात आणि त्यातली पहिली वाटी पोरांना मिळते. मटण कुणाच्या वाट्याला किती आलं यावरून भांडणं होतात ती नंतर, आधी रस्सा. तांबडा, पांढरा, पुन्हा तांबडा, मग 'थोडा पांढरा बघू'. सुकं मटण त्या मानानं चघळायला ठेवलेलं असतं. ह्यांच्या हिशेबानं सून जेवण मोरीत ओतत होती आणि चोथा पाहुण्यांना वाढणार होती.

पण सासऱ्यानं पहिल्याच बैठकीत मत द्यायचं नसतं, म्हणून ते अंगणात जाऊन खारी बघत बसले.

मला मात्र द्राक्षांनी घेरलं. माझं माहेर तासगाव. आमच्याकडे द्राक्ष एक तर पेटीत जातं, नाही तर बेदाण्याच्या शेडवर. तास-ए-गणेश ही जात आमच्याच तालुक्यातल्या बोरगावची, थॉमसन सीडलेसमधून निवडून काढलेली. आणि थॉमसन हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदाराचं. म्हणजे या देशात राहण्याचे द्राक्षाचे कागद माझ्यापेक्षा पक्के. तरीही माहेरची द्राक्षं सासरच्या कोंबडीत पडतील हे माझ्या पत्रिकेत कुणी वर्तवलं नव्हतं.

हा पदार्थ कुणी काढला याची एक कथा सगळीकडे छापलेली असते: ऱ्होड आयलंडमधल्या वेकफील्ड गावात, १८६३ साली, एका मांसाच्या दुकानात उरलेल्या कोंबडीत द्राक्षं नि मेयोनीज मिसळलं आणि गिऱ्हाईक तुटून पडलं. कथा छान आहे, पण फिलाडेल्फियाच्या एलिझा लेस्ली बाईंच्या १८३७ सालच्या पाकपुस्तकात चिकन सॅलड अगोदरच हजर आहे. कोंबडी पूर्ण गार झालेली, सेलरीचा पांढरा भाग चिरलेला, आणि वरचं कालवण खाण्याच्या अगदी आधी मिसळायचं, आधी नाही, अशी ताकीदही बाईंनी दिलेली आहे. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी लावा, नाही तर पाणी सुटतं, असं माझी आजी सांगायची, तीच ही ताकीद. तेव्हा शोधाचं श्रेय दुकानदाराला गेलं आणि काम बाईनं आधीच करून ठेवलं होतं. यात अमेरिकेनं काही वेगळं केलं असं मला वाटत नाही.

आता बाजूचे पदार्थ.

आपल्याकडे सामिष जेवणात हा प्रश्नच येत नाही. कोल्हापुरी ताटात भाकरी, दोन रस्से, दहीकांदा, लिंबू. मालवणात कोंबडी म्हटली की वडे आणि सोलकढी, दुसरं काही सुचवलं तर माणसं तुमच्या कुळाची चौकशी करतात. गोव्यात शाकुतीबरोबर पाव किंवा पोई. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. पण ठरलंय, त्यामुळे बाईचं डोकं स्वयंपाकाला मोकळं राहतं. चिकन सॅलड मात्र कुणाचंच नाही. ते पावात घाला, सॅलडच्या पानावर घाला, पोकळ टोमॅटोत भरा, बिस्किटावर लावा, ते कशालाच नाही म्हणत नाही. नाही न म्हणणाऱ्याचं काय करायचं हे घरात आणि ताटात दोन्हीकडे अवघडच असतं.

म्हणून आम्ही शेजारच्या आजीबाईंना विचारलं. वय ऐंशीच्या पलीकडे, जन्म इथलाच, आणि चर्चमधल्या बायकांच्या जेवणावळींत आयुष्य काढलेलं. अमेरिकेच्या दक्षिणेत चिकन सॅलड हे बायकांच्या दुपारच्या बैठकीचं अन्न आहे. केळवण म्हणा, बारसं म्हणा, कुणाचं तेरावं म्हणा, तिथं ते असतंच. आजीबाईंनी खुर्ची ओढली आणि अधिकारवाणीनं सांगायला सुरुवात केली. डेव्हिल्ड एग्ज. चीज स्ट्रॉज. गोड लोणच्याच्या चकत्या. बटाट्याचं सॅलड. कोलस्लॉ. आणि टोमॅटो अ‍ॅस्पिक.

अ‍ॅस्पिकवर मी त्यांना थांबवलं. टोमॅटोचा रस आटवून, मसाला घालून, त्यात जिलेटिन घालून तो साच्यात ओततात, फ्रिजमध्ये थिजवतात आणि उलटा करून ताटलीत थरथरता ठेवतात. आमच्या घरी सार गार झालं तर ते पुन्हा गरम करायला घेतात, इथं ते घट्ट होईपर्यंत थांबतात. आजीबाईंना मी सार कसं असतं ते सांगितलं, तूप-जिऱ्याची फोडणी, वरून कोथिंबीर, वाफाळतं. त्या सहानुभूतीनं म्हणाल्या की साचा नसेल तर त्यांच्याकडे आहे.

डेव्हिल्ड एग्ज म्हणजे उकडलेली अंडी अर्धी करून, पिवळं काढून, त्यात मेयोनीज आणि मोहरी कालवून पुन्हा भरायची. ती ठेवायला खास ताटली असते, तिला अंड्याच्या आकाराचे खळगे असतात. वर्षातून चार वेळा लागणारी ताटली. पण आजीबाईंकडे ती होती आणि ताटलीच्या बुडाशी चिकटपट्टीवर त्यांचं नाव लिहिलेलं होतं, म्हणजे चर्चमधून परत येताना अदलाबदल होऊ नये. ते बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या स्टीलच्या डब्यावर, पातेल्यावर, एवढंच काय चमच्यावरही माझ्या सासूबाईंचं नाव टिपक्याटिपक्यांनी कोरलेलं आहे. शेजाऱ्यांवर प्रेम करावं, पण भांड्यावर नाव घालावं, याबाबत कोल्हापूर जिल्हा आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्यात मतभेद नाहीत.

यादी घेऊन आम्ही घरी आलो आणि मग माझ्या लक्षात आलं. चिकन सॅलडमध्ये मेयोनीज. अंड्यात मेयोनीज. बटाट्यात मेयोनीज. कोलस्लॉ म्हणजे कोबीत मेयोनीज. सून म्हणाली, मॅकरोनीचं सॅलडही करता येईल. त्यात काय असतं हे मी विचारलं नाही. पाच वाडगी ओळीनं मांडली असती तर कोणतं कशाचं हे चाखल्याशिवाय कळलं नसतं, आणि चाखल्यावरही खात्री नव्हती.

मेयोनीजविषयी माझा राग आहे असं समजू नका. दक्षिणेत त्याची एक थोर परंपरा आहे. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावी युजिनिया ड्यूक नावाच्या बाईंनी १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, कॅम्प सेव्हियरच्या छावणीतल्या सैनिकांना सँडविचेस विकायला सुरुवात केली. सँडविचेस खपली, त्यातलं मेयोनीज जास्त आवडलं, बाईंनी पुढे ते बाटल्यांत भरून विकलं. ड्यूक्सच्या बाटलीवर आजही इथल्या लोकांचा जीव आहे. त्यात साखर नसते हे आजीबाईंनी आम्हाला दोनदा सांगितलं. उत्तरेकडचे लोक साखर घालतात, असं म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला. आमटीत गूळ घालणाऱ्यांविषयी कोल्हापुरात याच आवाजात बोलतात. मी सुनेकडे बघायचं टाळलं.

माझी तक्रार तेलाबद्दल आहे. अमेरिकन सरकारच्या नियमाप्रमाणे बाटलीवर मेयोनीज असं लिहायचं असेल तर आत वजनानं निदान ६५ टक्के वनस्पती तेल असावं लागतं. पासष्ट. उरलेल्यात अंडं, व्हिनेगर किंवा लिंबू आणि मीठमसाला. आता आमच्या तांबड्या रश्श्यावर बोटभर तर्री आली की हेच पाहुणे वाटी तिरकी करतात, चमच्यानं तेल बाजूला सारतात, कोलेस्टेरॉलचे आकडे सांगतात. बिचारी तर्री लाल असते, वर तरंगते, लपवाछपवी तिला येत नाही. मेयोनीजमधलं तेल अंड्याच्या आड पांढरं होऊन बसतं, आणि त्याच्या पुढे सॅलड हा शब्द लावला की डाएटवाले दोनदा वाढून घेतात. ह्यांनी हा नियम ऐकला तेव्हा खारी बघायचं सोडून ते आत आले आणि म्हणाले, "म्हणजे तर्रीत कोंबडी कालवल्यात की!" या विषयावर इतकं नेमकं बोललेलं मी अजून कुठं वाचलेलं नाही.

भारतात तर याच्याही पुढची गंमत आहे. आपल्या दुकानांत मेयोनीज बहुतेक बिनअंड्याचं, बाटलीवर हिरवा ठिपका. शाकाहारी माणसाला दिलासा देणारा तो ठिपका, आणि त्याच मेयोनीजमध्ये कालवलेली कोंबडी पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांच्या सँडविचमध्ये. कोंबडी चालते, पण तिचं अंडं जेवणात येता कामा नये. २०२४ च्या ऑक्टोबरात तेलंगणा सरकारनं कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, तेव्हापासून तर हिरव्या ठिपक्याला नैतिक अधिष्ठानही मिळालं.

बाजूच्या पदार्थांचा प्रश्न एकदा राजघराण्यालाही पडला होता. २ जून १९५३ ला एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला, आणि परदेशी पाहुण्यांच्या भोजनासाठी लंडनच्या रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय या दोघींनी एक गार कोंबडी तयार केली. मेयोनीज, जर्दाळूचा गर, आणि चिमूटभर करी पावडर. पुढे ती कॉरोनेशन चिकन म्हणून गाजली आणि तिचं सँडविच झालं. पण मूळ ताटात तिच्या बाजूला काय होतं? भात. गार भात, मटार, काकडीचे बारीक तुकडे, चिरलेला हिरवा पाला आणि वरून तेल-व्हिनेगरचं कालवण. म्हणजे काकडीची कोशिंबीर आणि मटारभात एकमेकांत सांडले आणि कुणी आवरले नाहीत. तीनशेच्या वर पाहुणे होते, नाना देशांचे, त्यांना काय सोसेल याचा भरवसा नाही, म्हणून करी जपून घातली होती, असं स्प्राय बाईंनीच पुढे लिहून ठेवलं आहे. हिंदुस्थान सोडून सहा वर्षं झाली तरी करी पावडर सोडवत नव्हती आणि घालायला हातही होत नव्हता, यापेक्षा साम्राज्याच्या अस्ताचं चांगलं वर्णन मला ठाऊक नाही.

आमचे पाहुणे तीनशे नव्हते, पण त्यांना काय सोसेल याची चिंता राणीपेक्षा जास्त होती. पार्टी 'पॉटलक', म्हणजे प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. त्यासाठी संगणकावर तक्ता फिरवला जातो, ज्याला जे आणायचं ते त्यानं लिहायचं. या तक्त्याचा एक अलिखित नियम आहे. तक्ता येताच पहिल्या पाच मिनिटांत कागदी ताटल्या, बर्फ आणि कोक संपतात. हे पदार्थ लिहिणारी माणसं आयुष्यात पुढे गेलेली असतात. मग वेफर्स. मग हुमस. शेवटी जी बाई दिवसभर कामात होती आणि जिनं तक्ता रात्री उघडला, तिच्या वाट्याला 'चाळीस माणसांची बिर्याणी' उरते.

मग निरोप यायला लागले. एका कुटुंबाचं अंडं चालतं, कोंबडी नाही. एकाची कोंबडी चालते, पण द्राक्षाला चिकटलेली नको. एका काकूंचा शनिवार, पण मारुतीचा, शनीचा नाही, त्यामुळे साबुदाणा चालेल का असं विचारलं तर म्हणाल्या, उपास नाही, नुसतं शाकाहारी. एकजण ग्लूटेन खात नाही, भाकरी खातो. एकीनं विचारलं की सॅलड सॅलडच्याच चमच्यानं वाढणार ना, आणि तो चमचा बटाट्यात जाणार नाही ना. हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण सगळी पांढरी वाडगी शेजारीशेजारी असताना चमच्याला तरी आपण कुठल्या वाडग्यातले हे कसं कळणार?

आणि या सगळ्याच्या वर घड्याळ.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की शिजवलेलं नाशवंत अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि हवा ९० अंश फॅरेनहाइट, म्हणजे आपल्या ३२ च्या वर गेली तर एकच तास. धड गार नाही आणि धड गरम नाही अशा मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. लोक यात मेयोनीजला बदनाम करतात, पण बाटलीतलं मेयोनीज आंबट असतं, त्यात जंतूंना फारसं सुख नसतं. लबाडी कोंबडीची, अंड्याची आणि बटाट्याची. जूनमधली कॅरीची दुपार बत्तिशीला सहज टेकते. आणि पाहुणे मराठी. निमंत्रण बाराचं, माणसं येणार दीडला, दारात बोलणार पावणेदोनपर्यंत. बाराला मांडलेलं सॅलड लेस्ली बाईंच्या स्वाधीन करायची वेळ तोवर येऊन गेलेली.

हे काम आम्ही ह्यांच्याकडे सोपवलं. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केलेला माणूस, दोन तासांचा हिशेब त्यांच्या रक्तात. त्यांनी कुठलं वाडगं कधी बाहेर आलं ते वहीत लिहिलं आणि त्या दिवशी अंगणात खड्या आवाजात पुकारत राहिले, "चिकन सॅलड सुटायला दहा मिनिटं, बटाटा सॅलड वीस मिनिटं, आत घ्या, आत घ्या!" अमेरिकन पाहुण्यांना वाटलं हा काही तरी विधी आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण त्या वहीमुळे मला एक गोष्ट कळली जी पाककृतींच्या पुस्तकांत लिहीत नाहीत. साइड डिश चवीवरून ठरत नाही, फ्रिजच्या कप्प्यांवरून ठरते. चिकन सॅलडनं मोठा कप्पा घेतला. अंड्यांची खळग्यांची ताटली आडवीच ठेवावी लागते, तिनं दुसरा घेतला. केक तिसरा. कोलस्लॉ, मॅकरोनी आणि अ‍ॅस्पिक यांचा निकाल तिथेच लागला. बटाटा शेजारच्या आजीबाईंच्या फ्रिजमध्ये राहायला गेला. तेव्हा उरलेलं जे काही असेल ते एक तर बाहेर बसून न बिघडणारं हवं, नाही तर चांगलं गरम हवं. गरम म्हणजे १४० फॅरेनहाइटच्या, साठ सेल्सियसच्या वर, नुसतं कोमट नाही.

आणि इथं खारी बघणारा माणूस कामी आला.

शुक्रवारी रात्री कोंबड्या उकडल्या. तीन कोंबड्या, मोठं पातेलं, आलं, लसूण, हळद नाही कारण सॅलड पांढरं हवं. तुकडे काढून झाले आणि सून सवयीनं पातेलं सिंककडे न्यायला वळली, तर सिंकच्या पुढे सासरे उभे. काही बोलले नाहीत. हात आडवा केला. सुनेनं पातेलं परत ओट्यावर ठेवलं. मी तीळ, खसखस आणि काजू भिजत घातले.

सकाळी वाटण वाटलं, खडा मसाला तुपावर परतला, अळणी ओतलं, उकळी आली, आच कमी करून नारळाचं दूध घातलं. त्यानंतर उकळू द्यायचं नाही, पांढरा रस्सा फुटतो. मग इथल्या स्लो कुकरमध्ये काढून ठेवला. विजेचं भांडं, दिवसभर गरम ठेवतं, ढवळायला कुणी लागत नाही. सुनेच्या सोयीच्या कसोटीलाही ते उतरलं. बाजूला कॉफीचे कागदी पेले. शाकाहारी मंडळींसाठी दुसऱ्या भांड्यात टोमॅटोचं सार, कोणत्याही साच्याशिवाय.

राहिलं कुरकुरीत. अमेरिकन लोक इथं बटाट्याचे वेफर्स ठेवतात आणि त्यांचं बरोबर आहे. ताटात सगळं मऊ असताना काही तरी मोडल्याचा आवाज हवा. या कारणानं काहीजण चिकन सॅलडवर वेफर्सचा चुरा पसरून ते भट्टीत भाजतात आणि त्याला 'गरम चिकन सॅलड' म्हणतात, त्याबद्दल मी बोलणार नाही. आम्ही पोह्याचे पापड तळले. बाकरवडीही ठेवून बघितली. ती उत्तम होती, पण बाकरवडी कुणाच्या बाजूला बसणारी नव्हे, ती खाल्ल्यावर कोंबडी कुठे गेली कळेना. थालीपीठ मी काढूच दिलं नाही. भाजणीला लोणी चालतं, मेयोनीज चालवून घेणं हे पिठाचा अपमान आहे. माझं हे मत कुणाला सनातनी वाटलं तर वाटो.

पण खरा डाव जिंकला तो सांडगी मिरचीनं. ताकात मुरवून, मीठ-मसाला भरून, उन्हात वाळवलेली मिरची. इथल्या भारतीय दुकानात ती तमिळ नावानं, मोर मिळगाय म्हणून पाकिटात मिळते. तळली की काळपट, कुरकुरीत, खारट, आंबट, आणि शेवटी तिखट, या क्रमानं. चिकन सॅलडमध्ये जे जे नाही ते सगळं एका मिरचीत. वर चुरून घातली तर त्या गोडसर पांढऱ्या ढिगाला एकदम चेहरा येतो. द्राक्षसुद्धा बरं लागतं, हे मी तासगावची असून लिहून देते. शेजारच्या आजीबाईंनी देठ धरून अख्खी मिरची चावली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग पांढऱ्या रश्श्याचा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायल्या आणि पाककृती मागितली. सॅलडची नाही.

तेव्हा माझा निवाडा ऐका. चिकन सॅलडच्या बाजूला दुसरं सॅलड ठेवू नका, मग ते कुठल्याही भाजीचं असो. मेयोनीजचं एकच वाडगं, बाकी सगळं त्याच्या विरुद्ध स्वभावाचं: एक आंबट, एक कुरकुरीत, आणि एक गरम. गरम काय करायचं हे शोधायला कुठं जाऊ नका, ते ज्या पाण्यात कोंबडी उकडली त्याच पातेल्यात आहे, ओतून देऊ नका. पाहुणे वाढले तर रस्सा वाढवा, कोंबडी वाढवू नका, कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय आणि कुणी उपाशी उठलेलं नाही. सांडगी मिरची पाहुणे दारात आल्यावरच तळा, आधी तळली तर मऊ पडते. आणि अमेरिकेत तळणार असाल तर खिडकी उघडा, पंखा लावा, आणि छतावरच्या धुराच्या गजराखाली टॉवेल हलवायला एक उंच माणूस आधीच उभा करून ठेवा.